शटरमागचे बावीस किलोमीटर

दर शनिवारी गॅरेजच्या दाराला बांधायला आणलेली लिंबं सरबताला वापरणारी बाई आहे मी. सासूबाई बडबड करायच्या, मी ऐकून घ्यायचे आणि पुढच्या शनिवारी परत सरबत. भूत, करणी, बाहेरचं... असलं काही मी कधी मानलं नाही. संशय घेते तो जित्याजागत्या माणसांचा. तो मात्र पोटभर घेते, आमच्या माहेरची सगळी माणसं तशीच. तेव्हा पुढचं वाचून कुणाला वाटलं की बाई घाबरट असेल, तर तसं काही नाही.

साल अठ्ठ्याण्णव. तुर्भ्याला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आमच्या मिस्टरांचं गॅरेज होतं. एक गाळा, पुढे लोखंडी शटर, तिन्ही बाजूंना भिंत, खिडकी नाही. हे नीट लक्षात ठेवा. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आणि कांदा-बटाटा मार्केटमधले निम्मे टेम्पो ह्यांच्याकडेच यायचे. ते काही गॅरेज मोठं होतं म्हणून नव्हे. दत्ता मिस्त्रीकडे गाडी टाकली की तो ती स्वतःच्या कामाला फिरवत नाही, एवढं लोकांना पक्कं माहीत होतं. आमचं सगळं घर त्या एका नावावर चालायचं.

मार्केटमधल्या एका शेठनी – भगवानशेठ म्हणू, खरं नाव वेगळं – पन्नाशीत स्पोर्ट्स कार घेतली. लालभडक, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की शेठना आत बसवायला दोघं लागायचे. शेजारच्या कारखान्यातले लोक जेवणाच्या सुट्टीत येऊन बघून जायचे. मला तर ती पहिल्यापासून आवडली नाही. एवढ्या पैशात दोन माणसं बसणार, ह्याला काय अर्थ आहे.

आता नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर जपावे लागतात. रनिंग-इन म्हणतात त्याला, त्या काळी लोक मागच्या काचेवर तसा कागदच चिकटवायचे. साठच्या वर न्यायची नाही, एकाच स्पीडला फार वेळ ठेवायची नाही, दामटायची नाही. आतले पार्ट एकमेकांना घासून आपापल्या जागी बसतात. ह्या हजारात जी सवय लागेल ती इंजिनाला जन्मभर राहते, असं आमचे मिस्टर म्हणतात. लग्नाबद्दलही तेच म्हणतात. शेठचे दोन्ही मुलगे गाडीवर टपून बसलेले, त्यांच्या हातात दिली तर आठ दिवसांत खुळखुळा करतील, म्हणून शेठनी गाडी ह्यांच्याकडे आणून दिली. हजार झाले की सर्व्हिसिंग करून परत न्यायची.

हे रोज सकाळी नऊला गाडी काढायचे, हायवेला तीस किलोमीटर फिरवायचे आणि आणून गाळ्यात लावायचे. मीटरचा आकडा शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचे. दुपारी मार्केटमध्ये टेम्पो बघायला जायचे, तेव्हा शटरला कुलूप. चार दिवस व्यवस्थित गेले. पाचव्या दिवशी सकाळी बघतात तर खडूचा आकडा एक आणि मीटर दुसरंच सांगतंय. बावीस किलोमीटर जास्त. सहाव्या दिवशी परत बावीस. सातव्या दिवशीही बावीसच.

हे म्हणाले मीटरच्या केबलचा प्रॉब्लेम असेल. केबल काढली, बघितली, चांगली होती. मी म्हटलं, मीटर बिघडलं तर कधी पाचने बिघडेल, कधी पन्नासने. रोज मोजून बावीस कसं बिघडतं? हे केबल परत बसवायला लागले. उत्तर माझ्याकडे होतं. बावीसचे निम्मे अकरा. तुर्भ्याहून बेलापूर साधारण अकरा किलोमीटर. आणि बेलापूरला दोनच महिन्यांपूर्वी ह्यांच्या गावची शालन राहायला आली होती... लग्नाआधी जिचं स्थळ ह्यांना सांगून आलं होतं, आणि पत्रिका जुळली नाही म्हणून राहिलं, ती.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर डबा घेऊन गेले आणि तो उघडता उघडता म्हटलं, "बेलापूरला जेवत असाल तर तसं सांगा. भाकरी वाया जाते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेले. त्यानंतर चार दिवस माझ्याशी एक शब्द नाही. ओरडले असते तर मला कळलं असतं काय ते. ज्याला अख्खं मार्केट डोळे झाकून किल्ल्या देतं, त्याला घरच्या बाईने असं विचारायचं... मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण संशय काही गेला नाही.

त्यात शेठ एका संध्याकाळी येऊन मीटर बघून गेले. व्यापारी माणूस, आकडे तोंडपाठ. रोजचे तीस म्हणालात मिस्त्री, मीटर जरा घाईत दिसतंय, एवढंच बोलले. गुरुवारी पुन्हा येतो म्हणाले. हे त्या दिवशी चहा अर्धाच पिऊन उठले. मार्केटमध्ये एक शब्द फिरला असता, तर महिन्याभरात आमच्या दारात एक टेम्पो उभा राहिला नसता.

मग मी ठरवलं, आता काय तो सोक्षमोक्ष.

गुरुवारी सकाळी हे गाडी फिरवून आले आणि हत्यारं घेऊन मार्केटला गेले. मी आत जाऊन मीटर बघितलं. आठशे बहात्तर. पुढच्या टायरवर आणि खालच्या लादीवर मिळून खडूची एक रेघ मारली, चाक बोटभर जरी हललं तरी रेघ मोडणार. शटर ओढलं, दोन्ही बाजूंना कुलपं घातली. शटरच्या आणि गाडीच्या सगळ्या किल्ल्या, ज्यादाच्या सकट, पदराला बांधल्या. आणि शटरला पाठ टेकून स्टूल टाकून बसले. पुढ्यात मेथीच्या चार जुड्या. अकरा वाजले होते. म्हटलं आता कोण येतं बेलापूरला जायला ते बघू.

कुणी आलं नाही. समोर चहाची टपरी, सारखी वर्दळ, लख्ख ऊन. मेथी निवडून झाली, टपरीवालीशी बोलून झालं. साधारण दोनच्या सुमाराला वास आला, नवीन इंजिन तापलं की त्याच्यावरचा रंग जळल्यासारखा येतो तसा. ह्यांच्या कपड्यांना यायचा, म्हणून मला ओळखीचा. मला वाटलं गल्लीतून एखादी गाडी गेली असेल. पण पाठीला शटर हळूहळू गरम लागायला लागलं... ऊन तर माझ्या तोंडावर होतं, शटर माझ्या सावलीत. तरी मी उठले नाही. आवाज? काहीही नाही. देवाशपथ सांगते, आतून एवढासाही आवाज आला नाही.

चारला कुलपं काढली. आत कोंदट, गरम. गाडी जिथे होती तिथेच. रेघ पहिली बघितली, टायरवरची आणि लादीवरची, दोन्ही जुळलेल्या. मला हसू आलं, उगाच एवढा व्याप केला म्हणून. मग आवाज आला. टक... टक... गाडी लांबून येऊन थांबली की लोखंड निवताना करतं तो. मी बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. मीटर बघितलं.

आठशे चौऱ्याण्णव.

मी तिथेच लादीवर बसले. आधी मनात काय आलं सांगू? भीती नाही. आधी आलं ते हे, की माझा नवरा कुठेही गेला नव्हता. एकदाही. आणि मी त्याला जेवणावरून उठवलं होतं. मला रडूच आलं.

रडून पदर तोंडाला लावतेय तोवर हे आणि शेठ दोघं बरोबरच दारात. शेठ सरळ आत वाकले, मीटर बघितलं आणि पाठ सरळ करून ह्यांना म्हणाले, "मिस्त्री, कुलूप तुमचं, किल्ली तुमची. गाडी कोण फिरवतं?"

हे म्हणाले, "शेठ, मला खरंच माहीत नाही."

शेठनी मान हलवली. ती मान मी ओळखत होते. मालात खोट सापडली की व्यापारी अशी मान हलवतो आणि परत त्या दारात येत नाही. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. आता मी काय सांगणार होते, की मी कुलूप लावून मेथी निवडत बसले होते आणि गाडी जागच्या जागी बावीस किलोमीटर जाऊन आली? कोण ठेवणार विश्वास?

"मी नेते, शेठ," मी म्हटलं. "ह्यांना माहीत नाही. मी शिकतेय."

"वहिनी, तुम्ही? कुठे नेता?"

आणि माझ्या तोंडात काय यावं? इतके दिवस डोक्यात तेच घोळत होतं ना. "बेलापूरपर्यंत," मी म्हटलं.

शेठनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या बुटक्या गाडीकडे बघितलं. मग एकच विचारलं, साठच्या वर नाही ना नेली? मी म्हटलं नाही. मग हसले, पुढच्या वेळी सांगून न्या म्हणाले, आणि गेले. ह्यांचं नाव वाचलं. टेम्पो येत राहिले, आणि अख्ख्या गल्लीत झालं की मिस्त्रीची बायको स्पोर्ट्स कार चालवते.

शेठ गेल्याबरोबर मी ह्यांना खरं सांगितलं, अगदी रेघेपासून चटक्यापर्यंत. हात दाखवला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला बेलापूर विचारत होतीस. म्हणजे जायचीस तू."

दोन दिवसांनी सकाळी गाडी फिरवून आणली तेव्हा मीटर नऊशे शहात्तर होतं. हे म्हणाले उद्या हजार करू. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर मीटर बरोब्बर नऊशे अठ्ठ्याण्णव, आणि त्यांनी दोन किलोमीटर फिरवून हजार केले. त्यानंतर ती गाडी आमच्याकडे अजून चार दिवस होती. मीटर एका आकड्यानेही हललं नाही.

सर्व्हिसिंगला पहिलं ऑइल काढलं. त्यात लोखंडाची बारीक चमक उतरते, ती बघून मिस्त्रीला कळतं इंजिन कसं बसलं. ह्यांनी ऑइल दोन बोटांत चोळलं, उजेडात धरलं, परत चोळलं. मग गाडी सुरू करून बराच वेळ नुसते ऐकत बसले. "इतकं सुंदर बसलेलं इंजिन मी बघितलं नाही," म्हणाले. "हा माझा हात नाही. माझ्यापेक्षा चांगला आहे." आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात कौतुक होतं आणि राग होता. दोन्हींवर माझा हक्क नव्हता.

ह्याला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. मीटर बिघडलं असेल, तर चटका कसला बसला? किल्लीची नक्कल कुणाकडे असेल, तर रेघ कशी जुळली? मी सगळे संशय घेऊन बघितले, आणि मी त्यात कमी पडणारी बाई नाही.

आता आम्ही खारघरला असतो. मागच्या वर्षी मुलाने जुनी गाडी आम्हाला दिली. हे मला मोकळ्या मैदानात घेऊन गेले, किल्ली हातात दिली आणि म्हणाले, चल, आता दाखव. मला किल्ली कुठे घालायची ते सापडेना. त्यांनी सुरू करून दिली, तर दोन धक्के खाऊन गाडी बंद पडली. हे पोट धरून हसले. म्हणाले, अजून नाटक करतेस. मीही हसले. मग त्यांनी किल्ली काढून हातात घेतली. काचेतून समोर बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुनंदा, आता आपलं वय झालं. मी काही बोलणार नाही. बेलापूरला कोण होतं?"

तर वाचकांपैकी कुणाला ह्याचं उत्तर सापडलं, तर मला सांगू नका. त्यांना सांगा.