न मोजलेल्या पाण्याचे आकडे

त्या शुक्रवारी मी तळ्यावर गेलोच नाही, आणि तरी वहीत पाच आकडे लिहिले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या एका ओळीतून निघालं आणि भोगलं मात्र दुसऱ्यानं.

निजामी अमदानीत मी जालन्याच्या शाळेत सायन्स शिकवायचो. हैदराबादच्या कॉलेजातले माझे जुने प्रोफेसर समुद्राच्या मागे लागले होते. थंड मुलखात समुद्राचं वरचं पाणी गारठून जड होतं, तळाला जातं, तळातळानं हजारो कोस सरकतं आणि कुठेतरी दूर पुन्हा वर येतं, असं ते सांगायचे. किती पाणी, किती वेगानं, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. "एकदा मोजून काही कळत नाही. त्याच जागी, त्याच वेळी, वर्षानुवर्षं मोजावं लागतं." पण त्यांच्याकडे जहाज नव्हतं. म्हणून त्यांनी गावाबाहेरच्या आमच्या तळ्यालाच छोटा समुद्र मानलं आणि मोजायचं काम माझ्याकडे दिलं.

शुक्रवारी शाळेला सुट्टी. सकाळी मी आणि मासे धरणारा एक भोई गुऱ्हाळातल्या, गूळ आटवायच्या जुन्या पसरट काहिलीत बसून तळ्याच्या मध्यावर जायचो. तीच त्याची होडी. शिसं बांधलेली बाटली दोरीनं खाली सोडायची. दोरीला दर चार हातांवर गाठ. गाठ पाण्याला टेकली की बुचाची दोरी हिसडायची, बाटली भरली की वर ओढून आत थर्मामीटर घालायचा. अशा पाच गाठी, पाच आकडे. वरचं पाणी ऊन, तळचं गार. थंडीत हा फरक कधी मिटतो आणि पाणी कधी उलथतं, तेच प्रोफेसरांना हवं होतं.

भोई हसायचा. "बाटलीला काय इचारता मास्तर? पाणी पालटायच्या आदी तळचा वास येतो. माझ्या नाकालाच नोकरी द्या."

पौषातल्या त्या शुक्रवारी मी मित्राच्या शेतात, तीर्थपुरीला हुरडा खायला गेलो. शनिवारी मागच्या आठवड्याचे आकडे उतरवले. दोन ठिकाणी अर्धा अंश कमी केला, खरं वाटावं म्हणून. त्या अर्ध्या अंशाची मला आजही चीड येते. विसराळू माणूस रकाना कोरा सोडतो. मी खोटं सजवलं.

रविवारी तळ्यात मासे उलटे तरंगत होते. पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास. मासे आयते मिळावेत म्हणून गेळफळ कुटून पाण्यात विष घातलं, असं म्हणत लोकांनी भोयाला धरलं. पोलिसांचे अमीन घोड्यावरून आले. आमचे हेडमास्तर मोठ्या ऐटीत माझी वही घेऊन पुढे झाले.

"इख न्हाई घातलं, साब!" भोई ओरडत होता. "पाणी पालटलंय. तळची घाण वर आली. गुरुवारपासून वास येऊन राह्यला व्हता. मास्तर, आत्ता बाटली टाका, जल्दी!"

हेडमास्तरांनी वही उघडली. "परसों का लिखा है साब. वरचं वर, खालचं खाली. पाणी हललेलं नाही. आमच्या मास्तरचं रजिस्टर बिलकुल बराबर असतं."

"परवा?" भोई माझ्याकडे वळला. "शुक्रवारी तुमी आल्ते तरी का मास्तर? म्या काहील घेऊन दुपारपस्तोर बसलो व्हतो की!"

लोक हसले. अमीन म्हणाले, "क्यों मास्टर साब, गए थे?"

बाटली घरी होती. अर्ध्या तासात खरंखोटं झालं असतं. पण मग वहीही उघडी पडली असती.

"जी," मी म्हणालो. "गेलो होतो."

त्याची जाळी काठावर जाळली. काहील उचलून नेली. तळ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असा हुकूम झाला. त्याला एक शब्द कुणी विचारला नाही, आणि हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. आठवड्याच्या आत तो बायकोपोरांसकट गाव सोडून गेला.

पुढच्या शुक्रवारी मी बांधाच्या उभ्या भिंतीवरून, पाणी सगळ्यात खोल होतं तिथे बाटली सोडली. पाचही गाठींना एकच आकडा. पाणी उलथलं होतं. तो आकडा मी खोट्या ओळीखाली लिहिला आणि हैदराबादला पाठवला. प्रोफेसरांचं उत्तर आलं : एकही आठवडा चुकला नाही, अशी नोंद फार दुर्मीळ. मी ते पत्र चुलीत घातलं. संताप होता, पण कुणावर काढणार? अमीन मूर्ख होता, हेडमास्तर हुजऱ्या होते, आणि त्या दोघांच्या हातात खोटं देणारा मीच होतो.

नऊ वर्षं गप्प राहिलो. मग प्रोफेसरांना ती ओळ खोडायला लिहिलं आणि गोदाकाठी गेलो. तिथे तो नावेतून माणसं पैलतीरी नेतो, असं जालन्यातच, मस्तगड भागातल्या एका दुकानात कळलं होतं.

त्यानं लगेच ओळखलं. "या मास्तर. हितं बी पाणी मोजाया आले का?"

"मामा, जरा बाजूला या. बोलायचंय."

"बाजूला कशापायी? इख घातलं म्हणून मला धरलं तवा सारा गाव व्हता. हितंच बोला. आन् मोठ्यानं. त्या टोकाला बहिरी म्हातारी बसलीया, तिलाबी ऐकू जाऊ द्या."

नावेतली दहाबारा माणसं माझ्याकडे बघत होती. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, नावेची कड धरली आणि शक्य तितक्या मोठ्यानं म्हणालो, "त्या शुक्रवारी मी तळ्यावर आलो नव्हतो. आकडे खोटे होते. अमीनासमोर मी खोटं बोललो. तुम्ही विष घातलं नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं. मला माफ करा, मामा."