बिननावाची लेक

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट असेल. माझी तिसऱ्या खेपेची लेक तीन महिन्यांची होऊन गेली होती आणि घरात तिला नाव नव्हतं. लोकांना हे नवल वाटायचं. मला वाटत नव्हतं, कारण हिच्या आधीची दोघं मी हौसेनं नावं ठेवून, घुगऱ्या वाटून गमावली होती. लेकरू जातं, पण नाव घरातच राहतं बघा. भांडी घासताना, दिवा लावताना तोंडात येतं आणि ओ द्यायला कोणी नसतं. तेव्हा मनाशी ठरवलं होतं की हिला नावच नको. बारशाचा विषय निघाला की मी उठून चुलीपाशी जायची. मला नुसता थकवा आला होता. झोपून न जाणारा थकवा.

आम्ही शिवाजी पेठेत दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर कामाला, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. सासूबाई प्रेमळ होत्या, पण पोर टिकावी म्हणून तिला 'धोंडी' म्हणायच्या. आपल्याकडे रीतच आहे ती, नाव ओंगळ ठेवलं की काळाची नजर पडत नाही म्हणतात. त्यांचा हेतू चांगला होता. पण मला त्या मऊ जीवाला दगड म्हणवेना, आणि चांगलं नाव घ्यायला जीभ उचलेना. मुरगूडच्या वन्सं बाराव्या दिवशी कुंची-अंगडं घेऊन आल्या होत्या. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी पाळण्याला हात लावू दिला नाही, तशाच परत गेल्या बिचाऱ्या.

मग पोरीला खोकला झाला. फार नव्हता, पण माझा धीर सुटला. सासूबाई म्हणाल्या, "शुक्रवार हाय, अंबाबाईला जाऊन ये. कुंकुमार्चन कर." खरं सांगते, भक्तीनं गेले नाही. घरात बसवेना म्हणून गेले. पोरीला पदराखाली घेऊन बायकांच्या रांगेत उभी राहिले. देवीकडं मागायचं ते एकच होतं, हिला राहू दे.

माझी पाळी आली. पुजाऱ्यांनी हातावर पाणी घातलं आणि संकल्पासाठी विचारलं, "कुणाच्या नावानं?"

मी म्हणाले, "लेकीच्या."

"हो, पण नाव काय?"

समोर देवी, आणि मी तिच्याकडं कुणासाठी आले ते मला सांगता येईना. पुजारी थांबले. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. तेवढ्यात माझ्या पाठीमागून खणखणीत आवाज आला, "सांगा की बाई काय तरी! रांग थांबलीया. कमळा म्हणा, वो! कमळा!"

पुजाऱ्यांना वाटलं ती आमच्यातलीच. त्यांनी नाव घेतलं, मंत्र म्हटला, कुंकू वाहिलं. झालं. मी अडवायच्या आत माझ्या लेकीचं नाव देवीच्या कानावर गेलं होतं.

बाहेर आवारात मी खांबाला टेकून बसले तर तीच बाई आली. हिरवं लुगडं, डोक्यावर बोचकं, गावाकडची. "आणा ती पोर हिकडं. तुमचं तोंड बघा कसं झालंय," म्हणून लेकीला घेतलंसुद्धा.

मी विचारलं, "कमळा कोण तुमची?"

"कोण न्हाय वो. तोंडात आलं ते बोलले. मला गाडी गाठायची हाय."

का कोण जाणे, पण जे माहेरी बोलले नव्हते ते मी तिला सांगितलं. हिच्या आधीची दोघं गेली, म्हणून हिला नाव ठेवलं नाही. ती पोरीला थोपटत राहिली. मग म्हणाली, "माझी बी दोन गेलीत, बाई. नावं हायत म्हणून त्यास्नी आठवून रडाया तरी येतंय. बिननावाच्या लेकराला कुठल्या तोंडानं रडायचं? आन देवीनं तरी कुणाला राखायचं?" पोर माझ्या मांडीवर ठेवून, बोचकं सावरत ती गेली. तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

मी तिथंच बसून रडले. दोघांची नावं घेऊन रडले, पहिल्यांदाच.

घरी सांगितल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मुरगूडला निरोप गेला. वन्सं दुसऱ्या दिवशी दारातूनच तापत आल्या. "माझा मान रस्त्यावरच्या बाईला दिलासा व्हय, वैनी? मी काय मेले हुते?"

भांडायचं बळ माझ्यात नव्हतं. "तुम्ही ठेवाल ते नाव ठेवा," म्हणाले. "मी आता अडवणार नाही."

त्या पाळण्याशी गेल्या. बराच वेळ पोरीकडं बघत उभ्या राहिल्या. मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "देवीम्होरं बोललेलं मी पुसू व्हय? एवढी शानी न्हाय मी." आणि वाकून कानात कुर्रर्र करून त्यांनी 'कमळा'च म्हटलं. शेजारणींनी रीतीप्रमाणं त्यांच्या पाठीत असे धपाटे घातले की वन्सं ओरडल्या, "अगं सटव्यांनो, नाव ठेवलंय, चोरी न्हाय केली!" घरात हसणं ऐकू आलं. घुगऱ्या वाटून होईपर्यंत मी भिंतीला टेकून झोपी गेले होते. मला कोणी उठवलं नाही.

पुढं पावसाळ्यात तिला कडक ताप आला. औषध चालू होतं. भीती होतीच, ती कुठं गेली नव्हती. पण या खेपेला मला मागता आलं. तिच्या उशाशी बसून म्हणत राहिले, अंबाबाई, ही कमळा तुझी. ठेवलीस तर सांभाळीन, नेलीस तर तिच्या नावानं रडेन. एवढं म्हटल्यावर छातीवरचं ओझं जरा हललं. ताप उतरायच्या आधीच हललं, हे मी कधी विसरत नाही.

कमळा राहिली. ती हिरव्या लुगड्याची बाई कोण होती, मला ठाऊक नाही. तिला गाडी गाठायची होती, बहुधा तेवढंच. पण माझ्यासाठी ती वेळेवर आली, आणि तिला पाठवणारीचे उपकार मी रोज मानते. लेकराचं पुढं काय होणार ते आधी कळावं आणि मगच जीव लावावा, असं माझं चाललं होतं. ते आपल्या हातातलं नाही. आपण हाक मारायची.