खिडकीकडे वळलेली मान

मी मोबाइलवर पासवर्ड टाकू लागलो की आमची सई मान खिडकीकडे वळवते. पासवर्ड तिचंच नाव आहे, हे अख्ख्या घराला ठाऊक, तरीही वळवते. मला हसू यायचं.

सई हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळते. काल माझी ताई तिला म्हणाली, "आमच्या होणाऱ्या जावयाचे रिपोर्ट तेवढे बघून सांग गं."

"नाही आत्या. मला उघडता येतात, म्हणूनच बघायचे नाहीत."

"मोठी आलीस!" ताई फणकारली. मग हळूच म्हणाली, "माझेही तिथंच असतील, नाही?"

"असतील. मी पाहिले नाहीत."

ताईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि विषय सोडला.

त्या वळलेल्या मानेच्या भरवशावर किती अनोळखी माणसं निर्धास्त असतील! आज सईनं मान वळवताच मी छाती फुगवून, राजाच्या थाटात पासवर्ड टाकला. चष्म्याविना तो चुकला, पण थाट तसूभरही उतरला नाही.