ओढ्यापर्यंतचं तेल

आमच्या मंडळींना सगळा गाव एरंडेलबाई म्हणायचा, आणि ती खुशाल ओ द्यायची. लग्न होऊन आली तेव्हा रुखवतात लाडू थोडे आणि एरंडेलानं भरलेली पितळी बुधली मोठी. आईनं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. ही म्हणाली, "आत्याबाई, गुडघं दुखल्यावर मागाल." पहिल्या थंडीतच आईनं मागितलं.

एरंड आमच्या बांधावर होताच, पण त्याच्याकडं बघत कोण होतं? ही बिया वाळवायची, भाजून कुटायची आणि पातेल्यात पाणी घालून उकळायची. तेल वर आलं की पळीनं अलगद काढून घ्यायची. त्या दिवशी आळीभर वास. शेजारचा सोपान ओरडायचा, "वहिनी, गाव सोडू का आता?"

"सोडा की भावजी. पण त्या भेगाळल्या टाचांनी कुठवर जाल?"

दुसऱ्या दिवशी सोपान वाटी घेऊन दारात.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. हाताची सालटी निघायची. दुपारी भाकरी खाऊन झाली की ही बुधली घेऊन फिरायची आणि ज्याच्या त्याच्या तळहातावर थेंब थेंब सोडायची. बैलाचा खांदा सोलला, लेकराचं पोट फुगलं, तरी हिच्याकडं दवा एकच. माझ्या पोटावर तर तिचा डोळाच असायचा. चहात आलं जास्त लागलं की समजायचं, आत एरंडेल आहे. मी कप ठेवून उठलो की म्हणायची, "प्या गुमान! बैल सुदीक एवढी नाटकं करत न्हाई."

पण गावाला वाटी भरून देणारी ही बाई माझ्या गाडीच्या आखाला मात्र जेमतेम तेल द्यायची. मी नगरला कांदा घेऊन जायचो. जाताना गाडी गप. येताना गावाजवळच्या ओढ्यात उतरलो की चाकं रडायला लागायची, ती थेट दारापर्यंत. पारावरची माणसं हसायची, "आली बघा एरंडेलबाईची गाडी, तेलाविना!" मला मान वर करायची चोरी.

एकदा सकाळीच डोकं फिरलं. म्हटलं, "आण ती बुधली. आख झिजला तर काय तुझ्या बापाकडनं आणायचा?" ती देईना. मी हिसकून घेतली आणि दोन्ही चाकांना भरपूर तेल पाजलं. संध्याकाळी गाडी अशी आली की पारावर कुणाची मान वळली नाही. मी खूश. दारात येऊन बैल सोडले, तर ही उंबऱ्यावर बसलेली. चूल नुसती धुमसत होती, तवा भिंतीला टेकलेला. मला बघून दचकलीच.

"आगं बया! आलात कवा?"

"हा काय आत्ता. भाकरी कुठंय?"

तिचे डोळे भरून आले. "रोज वढ्याला गाडी वाजली की मी तवा टाकती. तुमी हातपाय धुऊस्तवर भाकरी गरम पायजे, म्हणून तर तेल वढ्यापातूर पुरंल एवढंच देती. आज कवाधरनं कान लावून बसलीय. वाटलं, गाडी उलाटली कुठं."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगून काय? तुमी हसला असता."

हसलोच मी. मग तीही हसली, डोळे पुसत, आणि पीठ मळायला बसली. त्या दिवसापासून मीच बुधली तिच्यापुढं ठेवायचो. "घाल तुझ्या अंदाजानं." पुढं आख झिजला. झिजू दे म्हटलं. पारावरचे हसले की मीही हसायचो. त्यांच्या घरी भाकऱ्या गार होत्या, त्याला मी काय करू?

गेल्या थंडीत ती गेली. जाताना वर्षाचं तेल करून ठेवून गेली. मला अजून घरात शिरल्यावर नाकानं तिला शोधायची खोड आहे.

परवा मुलगा तीच बुधली घेऊन फाटकाशी गेला. "दादा, बिजागरी लई वाजती. तेल घालू का?"

"नको. ठेव खाली."

"अवो, पण किती वाजतंय..."

"वाजू दे. तू आलास ते कळतं. सूनबाईला तवा टाक म्हणून सांगता येतं."

त्यानं बुधली कलती करून तळहातावर तेल घेतलं आणि माझ्या पायाशी बसून टाचांना चोळायला लागला.