हिरव्या फुलांतले शिसे

हिरेमठ सरांना मी प्रथम पाहिले ते सोलापुरात, आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत. दख्खनच्या किल्ल्यांत सापडलेल्या जुन्या चिनी भांड्यांचे तुकडे त्यांच्यापुढे होते. माती कुठली, भट्टी किती तापली, वरची काचेसारखी झिलई कशाची, हे सर तुकड्याला धक्का न लावता क्ष-किरणांनी शोधत. पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवू लागले.

दोनदा माझा गर्भ टिकला नव्हता. तिसऱ्या खेपेला मी जिना उतरतानाही घाबरत असे. माझ्या नानीकडे एक चिनी कटोरा होता. घरातल्या गरोदर बाईने त्यात रात्रभर ठेवलेले लिंबूपाणी सकाळी दुवा म्हणून प्यायचे, ही आमच्याकडची रीत. मीही पीत होते. सरांना अभ्यासासाठी हवा म्हणून एकदा मी तो कटोरा प्रयोगशाळेत घेऊन गेले.

निळी नक्षी झिलईखाली सुरक्षित होती. आतली हिरवी फुले मात्र झिलईवर रंगवून मंद आचेवर पुन्हा भाजलेली. सरांनी तिथे यंत्र धरले, पुन्हा धरले.

"यातून कुणी काही पितं का?"

"मी, सर."

त्यांचा चेहरा उतरला. "हिरव्यात शिसं आहे. लिंबानं ते पाण्यात उतरतं, बाळाच्या मेंदूला बाधतं. आता एक थेंबही नको."



त्याच संध्याकाळी सर माझ्याबरोबर नानीकडे आले. नानी उसळली, "मास्तर, तुमची मशीन दुवा बी मोजती का?"

"न्हाय अम्मा, शिसं तेवढं मोजती. दुवा तुमी करा, पाणी स्टीलच्या तांब्यात ठिवा."

"आन् लेकराला काय झालं तर?"

"तर मला शिव्या द्या. हितंच ऱ्हातो की मी, बाळीवेशीत."

"त्या आत्ताच देते, बसा!" म्हणत तिने चहा टाकला, पण कटोरा कपाटात गेला.

माझ्या रक्तात शिसे निघालेच. डॉक्टरांचे उपचार सुरू झाले. सर रोज फोन करीत. आधी जेवणाचे विचारत, मग आवाज खाली आणून, "बाळ हलतंय ना?" पुष्कळ नंतर ते म्हणाले, "आपलं मोजमाप चुकीचं निघावं, असं आयुष्यात तेव्हाच वाटलं."

माझी लेक आलिया आता चौथीत आहे. तिचे एखादे गणित चुकले, ती कुणाचे नाव विसरली, की मला ते शिसे आठवते. मी सरांकडे धावते. 'काही होत नाही' असे ते कधीच म्हणत नाहीत. चष्मा पुसतात आणि म्हणतात, "चला, तपासून घेऊ."

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. या मागण्यात माझा स्वार्थ आहे. लेक मोठी व्हायची आहे आणि मला अजून फार भीती वाटते.