कूलरच्या बाजूचं अंगण

आमचं अंगण नऊ मीटर वीस सेंटीमीटर लांब आणि चार मीटर दहा सेंटीमीटर रुंद आहे. म्हणजे जवळपास पावणेअडतीस चौरस मीटर काँक्रीट. हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा ते सगळ्यात शेवटी, भर मे महिन्यात ओतलं गेलं. वरचं पाणी लवकर सुकावं म्हणून मिस्त्रीने ओल्या काँक्रीटवर कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि थापी फिरवली. मी समोर उभा होतो. सफाई छान आली म्हणून मीच त्याला चहा दिला. दोन वर्षांत वरचा थर भुकटी होऊन उडायला लागला. बोट फिरवलं की पांढरं होई.

ही भुकटी नुसती अंगणात राहिली असती तर मी तिच्याकडे लक्षही दिलं नसतं. पण बाबांच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते आणि त्या खिडकीला कूलर आहे. कूलर अंगणातली हवा ओढतो. बाबांना दम्याचा जुना त्रास, वय एकोणऐंशी. त्यांच्या बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र मी रोज सकाळी आणि संध्याकाळी लावतो आणि आकडा वहीत लिहितो. तेव्हा तो साधारण त्र्याण्णव असायचा. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला आणि आकडा एक्क्याण्णव झाला. कूलरच्या गवतावर सिमेंटचा पापुद्रा धरला होता.

तेव्हा ठरवलं की काँक्रीटवर सीलर, म्हणजे भुकटी धरून ठेवणारं द्रावण, मारायचा.

मी तीन दुकानं फिरलो. प्रत्येक डब्याचं माहितीपत्रक घरी आणून वाचलं. अंगणात पाच ठिकाणी पाण्याचा थेंब टाकून तो किती सेकंदांत जिरतो ते घड्याळ लावून पाहिलं. सरासरी चौदा सेकंद. बाबा दारात खुर्ची टाकून बघत होते.

"काय करून राहिला बे? आंगनाच्या डोळ्यात औषध टाकून राहिला का?"

बायको आतून म्हणाली, "बाबा, इतकी चौकशी तर यांनी मले पाहाले आले तेव्हाही नाही केली."

"तेव्हा त्याच्याजवळ घड्याळ नव्हती वं," बाबा म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

निवड शेवटी दोनांत आली. एक पाण्यात मिसळलेला, दुसरा थिनरमधला. मनीषनगरचा दुकानदार म्हणाला, "सर, पाण्याचा वरच्यावर राहते. तुमची भुकटी आतपर्यंत आहे. थिनरवाला आत जाते, दगडासारखं धरून ठेवते. फक्त वास आहे थोडा."

"किती दिवस?"

"खुल्या जागेत काय वास, सर! दोन घंट्यांत उडून जाते."

पत्रकातही तेच होतं: हवा खेळती असलेल्या जागीच वापरावा. अंगणाला छप्पर नाही, तिन्ही बाजू मोकळ्या. मी त्या ओळीसमोर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. एका लिटरमध्ये पाच चौरस मीटर, दोन हातांना पंधरा लिटर, वाया जाणारं धरून साडेसोळा. पृष्ठभाग पस्तीस अंशांच्या खाली हवा, म्हणून सकाळची वेळ. दुसरा हात चोवीस तासांच्या आत. मारणाऱ्याने तोंडावर मास्क लावावा.

मी मास्क लावला. पावणेसहाला सुरुवात केली, तेव्हा काँक्रीट एकतीस अंश होतं. रोलर सरळ चालत होता, रंग गडद होत होता, आणि मला खरोखर समाधान वाटत होतं. पावणेसातला शेवटचा पट्टा मारला, तो खिडकीखालचा होता. कूलर माझ्या डोक्यावर घरघरत होता. रात्रभर चालतो तसाच.

बायको दार उघडून ओरडली, "अहो, बंद करा तो! बाबांकडे पाहा."

मी आत गेलो. खोलीत अंगणापेक्षा जास्त वास होता. अंगणातला वास मोकळा सुटत होता आणि इथे तासभर पंख्याने ओढून कोंडला होता. बाबा पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून बसले होते.

"काय टाकलं गा तू?" त्यांनी विचारलं. "मले दम लागून राहिला."

कूलर बंद केला, खिडकी लावली. पण गवत ओलं होतं, त्याने वास धरला होता. गादीनेही. नऊला खोलीत छत्तीस अंश झाले. कूलर लावला की वास, बंद ठेवला की भट्टी. मागच्या खोलीत नेलं तर तिला खिडकी नाही, वर तापलेला स्लॅब. मी अंगणात गेलो. जे मारलं ते पुसता येतं का, म्हणून चिंधी घेऊन वाकलो. ते आत गेलं होतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. दहाला यंत्राने शहाऐंशी दाखवलं आणि आम्ही ऑटो बोलावला.

दवाखान्यात चार दिवस गेले. दुसरा हात द्यायचे चोवीस तास पहिल्याच रात्रीनंतर संपले. बाबा घरी आले, पण आकडा नव्वदवर थांबला, पुन्हा त्र्याण्णव झाला नाही. डॉक्टरांना मी विचारलं, आकडा तीनने उतरला, त्यातलं माझ्यामुळे किती आणि आजारामुळे किती? ते म्हणाले, "असं वेगळं काढता येत नाही. आजारही वाढतच असतो." मी वही पुढे केली, मागच्या दीड वर्षाचे आकडे दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले आणि वही परत दिली.

यंदा मार्चमध्ये, स्कूटर वळते त्या जागी भुकटी पुन्हा निघाली. एकाच हातावर किती टिकणार! दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "आता त्याच्यावर काही धरणार नाही, सर. पहिले मशीनने घासून काढा, मग नव्यानं." घासून काढायचं म्हणजे पावणेअडतीस चौरस मीटरची धूळ एका दिवसात उडवायची. तेवढा वेळ बाबांना बहिणीकडे ठेवावं तर ते घर सोडायला तयार नाहीत. एसी लावून पाहिला. बंद खोलीत त्यांचा जीव घाबरतो, पाच मिनिटांत दार उघडून बाहेर येतात. मी सकाळी अंगण ओलं करून पुसतो. वाळलं की पुन्हा बोट पांढरं होतं.

मागच्या आठवड्यात पारा एकोणचाळीसवर गेला.

"कूलर काहून लावत नाही गा?" बाबांनी विचारलं. "उकडून राहिलं."

"पंप बिघडला, बाबा," मी म्हणालो. पंप चांगला होता.

"मग आण ना इकडे. मी पाहतो."

ते वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत. असली यंत्रं त्यांनी आयुष्यभर खोलली. मला दुसरं काही सुचलं नाही, मी पंप आणून दिला. त्यांनी पलंगावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला, एकेक स्क्रू काढून ओळीने ठेवला. मधे दोनदा थांबून श्वास घेतला. पाऊण तासाने सगळं पुन्हा जोडलं, बादलीत बुडवून तार लावली. पाणी वर चढलं.

"याले तर काहीच नाही झालं," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

मी म्हणालो, "बरं. लावतो मग."