शेवटच्या नकाशानंतर

माझ्या मुलीच्या मोबाइलवर लढाईचा एक खेळ आहे. त्यात पाऊस आला की सैनिकाचा कोट भिजलेला दिसतो. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, खरंच भिजतो. आणि ही कॉलेजात जाणारी मुलगी त्या सैनिकाला तसाच भिजत सोडून रोज संध्याकाळी माझ्या चौकोनी रणगाड्यांपुढे बसू लागली, तेव्हा हे काय गौडबंगाल आहे ते मला कळेना.

रणगाडे घरात मीच आणले. नवी पेठेत चार्जर घ्यायला गेलो होतो. दुकानात टीव्हीला जोडायचा एक छोटा डबा दिसला, आत जुने शेकडो खेळ, सोबत दोन रिमोट. चार्जर राहिला आणि डबा आला. बायको म्हणाली, "वय काय, करताय काय!" मी वायरी जोडत बसलो.

लहानपणी आमच्या घरी असाच डबा होता आणि त्यातला हाच खेळ मी आणि ताई खेळायचो. पडद्याच्या तळाशी विटांच्या कुंपणात एक पक्षी बसलेला असतो. वरून शत्रूचे रणगाडे येतात, ते सगळे उडवले की पुढचा नकाशा येतो. पक्ष्याला गोळी लागली की खेळ खलास. दोघं खेळत असतील तर एकानं वर जाऊन लढायचं, दुसऱ्यानं खाली पक्ष्याजवळ थांबायचं. वर मी, खाली ताई. हे कधी आणि कुणी ठरवलं, आठवत नाही. पहिला रिमोटही माझाच. दुसऱ्या रिमोटला खेळ सुरू करायचं बटणच नव्हतं, त्यामुळे डाव संपला की ताई माझ्याकडे बघून म्हणायची, "परत लाव की!"

ताई माझ्याहून बरीच मोठी. त्या वर्षी दहावीनंतर तिची शाळा थांबवली होती आणि स्थळं बघणं चालू होतं. ती सदा घरातच असायची, म्हणजे खेळायला कधीही तयार. मला ती मोठीच सोय वाटायची.

खेळाच्या शेवटी काय होतं, हे आमच्या गल्लीत फक्त ताईला ठाऊक होतं. मी केमला मामाच्या गावी गेलो होतो, तेव्हा ती एकटीच माझा रिमोट घेऊन शेवटच्या नकाशापर्यंत पोचली होती.

"कुंपण आपोआप पडतंय," ती सांगायची. "मग पक्षी पंख झाडतोय आन् उडतोय. लई लांब जातोय. खाली नदी दिसती."

"कसली नदी?"

"निळी की."

दुसऱ्या दिवशी विचारलं तर नदीवर पूल आलेला असायचा. मला संशय यायला हवा होता. मला उलट पूल बघायची घाई झाली.

तिथवर आम्ही कधीच पोचलो नाही. मधेच थांबून पुढे खेळायची सोय नव्हती. दुपारी वीज जायची, की पुन्हा पहिल्या नकाशापासून सुरुवात. बाहेरून पोरं क्रिकेटला हाका मारायची, मी खिडकीतूनच "नंतर येतो" म्हणून ओरडायचो. अख्खी सुट्टी अशी गेली. पुढे ताईचं लग्न झालं, ती वैरागला सासरी गेली आणि डबा माळ्यावर गेला.

हे सगळं मुलीला सांगितलं आणि ती पेटलीच. "बाबा, खरंच उडतो?"

"मोबाइलवर शोध की, लगेच कळेल."

"नको. आपणच पोचू."

तिच्या मोबाइलमधल्या खेळाला शेवटच नाही म्हणे, दर आठवड्याला नवीन काहीतरी येतं. तिथं सगळं इतकं हुबेहूब दाखवतात, की पलीकडे काय असेल असं मनात येत नसावं. इथं चार ठिपक्यांची वीट, आठ ठिपक्यांचा पक्षी. बाकीचं आपणच भरायचं. हा माझा आपला अंदाज. मुलीला विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुमच्यावर मागून रणगाडा येतोय." तो आलाच.

संक्रांतीला आमच्याकडे गड्ड्याची जत्रा भरते, तिला ताई आली, सोबत पिशवीभर हुरडा. त्याच संध्याकाळी आम्ही शेवटच्या नकाशावर होतो. नव्या डब्यात खेळ आहे तिथून पुढे चालू करता येतो, म्हणून एवढी मजल. ताई मागे खुर्चीवर बसून बघत होती. शेवटचा रणगाडा उडाला. पडदा काळा झाला. मी श्वास रोखला, खोटं कशाला सांगू.

पहिला नकाशा आला. त्याच विटा, तेच कुंपण, पक्षी जागच्या जागी.

"आत्या, पक्षी?" मुलीनं विचारलं.

"कुटला उडतोय," ताई म्हणाली. "मी पोचले तवा बी असंच झालं. परत पहिला."

मला रागच आला. "मग तेव्हा का नाही सांगितलंस? अख्खी सुट्टी घालवली मी!"

ताई हुरडा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगितलं असतं तर बसला असतास व्हय घरात? पोरं हाका मारायचीच की तुला. मग मी कुणासंगं खेळले असते?"

मला एकदम रडू आलं. हुरडा घशात अडकल्यासारखं केलं आणि पाणी प्यायलो. मुलगी आळीपाळीनं आमच्या दोघांकडे बघत होती. मी तिच्याकडचा रिमोट मागून घेतला, माझा पहिला रिमोट ताईच्या हातात दिला.

"मी खालीच थांबते," ताई सवयीनं म्हणाली.

"आज तू वर जा, तायडे. पक्ष्याकडं मी बघतो."

ती पदर खोचून पुढे सरकली. तिचा रणगाडा वर गेला, पहिल्याच वळणावर भिंतीला अडला, तिथंच गरगर फिरला आणि गोळी खाऊन उडाला. तिकडे बघता बघता माझा पक्षीही गेला. ताई इतकी हसली की आतून बायको बघायला आली.

मग ताईनं सवयीनं माझ्याकडे बघितलं. "परत लाव की!"

"बटण तुझ्याकडं हाय," मी म्हणालो.

तिनं हातातल्या रिमोटकडे बघितलं, बटण शोधलं आणि दाबलं.